मिनिटाला साडेसात हजार

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगग्रस्त स्त्रीच्या गाठीतून काढलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. ‘हीला’ या नावाने त्या ओळखल्या जातात. वाढीच्या भरात असलेली एक हीला पेशी दर मिनिटाला रायबोसोमचे सुमारे 7,500 उपघटक तयार करते. रायबोसोम म्हणजे पेशीतली प्रथिनं जोडणारं यंत्र. एक मोठा आणि एक लहान असे दोन उपघटक एकत्र आले की एक रायबोसोम होतो. म्हणजे मिनिटाला 3,750 रायबोसोम, सेकंदाला साठाहून जास्त, दिवसाला 54 लाख. रायबोसोमची रुंदी जेमतेम 25 ते 30 नॅनोमीटर, मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले पंचवीस-तीस. तरीही दिवसभरातले हे रायबोसोम एका रेषेत मांडले तर ती रेषा सुमारे 15 सेंटीमीटर भरेल. ती पेशी स्वतः मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी असते.

मानवी रायबोसोममध्ये चार आरएनए रेणू आणि 80 प्रथिनं असतात. 3,750 ला 80 ने गुणलं की तीन लाख होतात. दर मिनिटाला तीन लाख प्रथिनं, तीही फक्त रायबोसोमसाठी. ही प्रथिनं तयार होतात केंद्रकाबाहेर, पेशीद्रव्यात, आधीच्याच रायबोसोमवर. तिथून ती केंद्रकाच्या आवरणातल्या छिद्रांमधून आत यावी लागतात. हीला पेशीच्या केंद्रकाला अशी साधारण 3,000 छिद्रं असतात. प्रत्येक छिद्रातून मिनिटाला शंभर रायबोसोमी प्रथिनं आत आणि दोन-तीन तयार उपघटक बाहेर, अशी ये-जा अखंड चाललेली असते. पेशीची बाकीची सगळी वाहतूक याच छिद्रांतून होते आणि ती या हिशेबात धरलेलीच नाही.

आत आलेल्या या प्रथिनांची आणि आरएनएची गाठ पडते ती केंद्रकीत. शाळेच्या पुस्तकातल्या पेशीच्या आकृतीत केंद्रकाच्या आत एक ठिपका काढलेला असतो, ती केंद्रकी. आपण तिचं नाव पाठ करतो आणि पुढे जातो. फेलिचे फोंतानाने 1781 मध्ये बाम माशाच्या त्वचेच्या पेशींत ती पाहून ठेवली होती. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसते इतकी ती मोठी आणि दाट असते. पण ती तिथे का असते, हे कळायला पुढची पावणेदोनशे-दोनशे वर्षं गेली. आणि ते कळतं ते आकड्यांतूनच, अशी माझी पक्की धारणा झाली आहे. केंद्रकीचा आकार, तिची जागा, तिचं असणं आणि नसणं हे सगळं एका गणिताचं फळ आहे.

त्या गणिताची सुरुवात डीएनएपासून करावी लागते. केंद्रक असलेल्या आपल्या बहुतेक पेशींतल्या 46 गुणसूत्रांत मिळून सुमारे 620 कोटी बेसजोड्या, म्हणजे डीएनएची अक्षरं असतात. धागा सरळ केला तर दोन मीटरचा. यातल्या 13, 14, 15, 21 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांना एक भुजा लांब आणि एक अगदी आखूड असते. रायबोसोमच्या आरएनएची जनुकं या आखूड भुजांवर बसलेली असतात. आई-वडिलांकडून आलेली प्रत्येकी पाच धरून अशा दहा जागा. प्रत्येक जागी एकच मजकूर एकापाठोपाठ एक, पुन्हा पुन्हा लिहिलेला. एका प्रतीची लांबी सुमारे 45,000 अक्षरं. त्यातली 13,000 च्या आसपास प्रत्यक्ष आरएनएत उतरवली जातात, बाकीचा 30,000 हून मोठा भाग दोन प्रतींमधलं अंतर राखतो. हाच रायबोसोमल डीएनए, थोडक्यात आर-डीएनए.

प्रती किती, याला एक उत्तर नाही. माणसामाणसांत त्या साधारण 200 ते 600 असतात. 400 धरू. 400 प्रतींची अक्षरं होतात एक कोटी ऐंशी लाख. 620 कोटींच्या तुलनेत हे 0.3 टक्के. दोन मीटरच्या धाग्यात सहा मिलिमीटर.

आता दुसरा आकडा. पेशीतल्या एकूण आरएनएपैकी सुमारे 80 टक्के आरएनए रायबोसोमचा असतो. रायबोसोमी आरएनए टिकाऊ असतो, तो साठत जातो, हे त्याचं एक कारण. पण ते वजा केलं तरी प्रश्न उरतो. डीएनएच्या 0.3 टक्के भागावर पेशी इतकी मेहनत का घेते? आणि मुळात एकच मजकूर चारशे वेळा का लिहून ठेवते, जेव्हा आपल्या बहुतेक जनुकांच्या दोनच प्रती असतात?

इन्सुलिनचं जनुक घ्या. त्याच्या दोन प्रती पुरतात, कारण मध्ये गुणाकाराची एक पायरी आहे. जनुकावरून संदेशवाहक आरएनए निघतो आणि त्या एका आरएनएवरून रायबोसोम हजारो प्रथिनं जोडू शकतात. रायबोसोमी आरएनएच्या नशिबी ही पायरी नाही. त्याचं प्रथिनात रूपांतर व्हायचं नसतं, तो स्वतःच यंत्राचा भाग होणार असतो. एक उतारा म्हणजे एक रायबोसोम, त्याहून अधिक नाही. गुणाकार जर पुढे करता येत नसेल तर तो मागेच, जनुकांच्या संख्येत करून ठेवावा लागतो. चारशे प्रतींचं कारण एवढंच आहे.

हे कारण किती सक्तीचं आहे ते पाहायचं तर माणसाला क्षणभर बाजूला ठेवून बेडकाकडे जायला हवं. झेनोपस लेव्हिस हा आफ्रिकेतला बेडूक. त्याचं अंडं मिलिमीटरभराहून थोडं मोठं, डोळ्यांना सहज दिसणारं, आणि तरी एकच पेशी. त्या एका पेशीत रायबोसोम असतात सुमारे एक लाख कोटी, एकावर बारा शून्यं. फलनानंतर गर्भाच्या पेशी भराभर विभागत जातात, तेव्हा नवे रायबोसोम करायला उसंत नसते, म्हणून हा साठा आधीच भरून ठेवलेला असतो. हीला पेशीच्या वेगाने, दिवसाला 54 लाख, एवढा साठा करायचा म्हटलं तर किती दिवस लागतील? एक लाख पंच्याऐंशी हजार. वर्षांत सांगायचं तर पाचशे सात.

बेडकिणीला पाचशे वर्षं मिळत नाहीत. तिच्या अंड्याची वाढ काही महिन्यांत पूर्ण होते. 1968 साली डोनाल्ड ब्राउन आणि इगॉर डेव्हिड या जोडीने, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे जोसेफ गॉल यांनी, यामागची युक्ती उघड केली. वाढत्या अंडपेशीत आर-डीएनएच्या प्रती गुणसूत्राबाहेर वेगळ्या काढल्या जातात आणि हजार पटींहून जास्त वाढवल्या जातात. बाकीचा जनुकसंच आहे तसाच राहतो. आर-डीएनए तेवढा वीस लाख प्रतींपर्यंत पोचतो. आणि त्या पेशीच्या केंद्रकात केंद्रकी किती दिसतात? एक-दोन नव्हे, सुमारे दीड हजार. जिथे आर-डीएनए चालू, तिथे केंद्रकी.

बेडकाकडूनच याची उलटी बाजूही कळली. ऑक्सफर्डमध्ये 1958 साली झेनोपसचा एक वाण सापडला होता. त्यातल्या काही बेडकांच्या पेशींत दोनऐवजी एकच केंद्रकी दिसे. अशा नर-मादीच्या पिल्लांपैकी साधारण पाव पिल्लांना एकही केंद्रकी नसे. 1964 मध्ये ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी दाखवलं, की ही पिल्लं रायबोसोमी आरएनए मुळीच तयार करत नाहीत. तरीही ती गर्भातून वाढतात, अंड्याबाहेर येतात, पोहायलाही लागतात. आईने अंड्यात भरून दिलेल्या रायबोसोमवर ती इथपर्यंत येतात. तो साठा पुरेनासा झाला की मरतात. एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिलेल्या शिदोरीचा इतका नेमका हिशेब जीवशास्त्रात क्वचितच मिळतो. तो वाचताना मी दर वेळी थबकतो.

आर-डीएनएचं काम प्रत्यक्ष दिसलं 1969 मध्ये. अमेरिकेत ओक रिज इथे ऑस्कर मिलर आणि बार्बरा बीटी यांनी न्यूट या पाणसरड्यासारख्या उभयचराच्या अंडपेशीतली केंद्रकी जवळजवळ क्षारविरहित पाण्यात मोकळी केली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. डीएनएचा एक धागा, त्यावर ठरावीक अंतराने बसलेली विकरं, प्रत्येक विकरातून बाजूला निघालेला आरएनएचा तंतू. जनुकाच्या सुरुवातीला तंतू आखूड, शेवटाकडे लांब लांब होत गेलेले. मग थोडा मोकळा धागा आणि पुन्हा तीच आकृती. शास्त्रज्ञ त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. एका झाडावर शंभराच्या आसपास विकरं होती. म्हणजे पहिलं विकर शेवटाला पोचण्याआधी त्याच्यामागून नव्याण्णव निघालेली असतात.

मानवी जनुकाला हे लावून पाहू. 13,000 अक्षरांचा भाग साडेचार मायक्रोमीटर लांब असतो. त्यावर शंभर विकरं बसवली तर दोघांत अंतर उरतं 45 नॅनोमीटर. दाटीवाटी म्हणतात ती ही. आरएनए पॉलिमरेज-1 हे इथलं विकर सस्तन प्राण्याच्या जिवंत पेशीत सेकंदाला सुमारे 95 अक्षरं उतरवतं, असं 2002 मध्ये मोजलं गेलं. एका जनुकाला लागतात 140 सेकंद. शंभर विकरं एकामागून एक असली तर दर 1.4 सेकंदाला एक उतारा पूर्ण होणार. चारशे प्रतींपैकी निम्म्याच्या आसपास एका वेळी बंद असतात, म्हणून दोनशे धरू. दोनशे जनुकांवरून मिनिटाला साडेआठ हजार उतारे. हीला पेशीला लागतात 3,750. एक आकडा विकराच्या वेगावरून काढलेला, दुसरा रायबोसोमच्या मोजणीवरून, आणि दोघांत फरक दुपटीच्या थोडा वर. सगळी जनुकं सगळा वेळ गच्च भरलेली नसतात एवढं मानलं, की हिशेब जुळतो. कागदावरचं हे गणित पेशीच्या खऱ्या उत्पादनाच्या इतकं जवळ जावं, याचं मला फार समाधान वाटतं.

यातला बराच आरएनए पुढे टाकूनच दिला जातो, हेही सांगायला हवं. 13,000 हून थोड्या जास्त अक्षरांच्या लांब उताऱ्यातून तीन तुकडे कापून घेतले जातात. सगळ्यात मोठा सुमारे पाच हजार अक्षरांचा, मधला 1,869 चा, सगळ्यात छोटा 157 चा. बेरीज सात हजारांच्या थोडी पुढे जाते. उरलेला जवळपास निम्मा भाग मोडून टाकला जातो. रायबोसोमचा चौथा आरएनए जेमतेम 121 अक्षरांचा असतो आणि त्याची जनुकं पहिल्या गुणसूत्रावर, वेगळीच. तो दुसरीकडून येऊन मिळतो. कापण्याआधी आणि कापताना आरएनएच्या दोनशेच्या वर जागी बारीक रासायनिक बदल होतात, आणि प्रत्येक बदलाची जागा दाखवायला बहुतांशी एक वेगळा छोटा आरएनए असतो. शिवाय जुळणीला मदत करून बाजूला होणारी दोनशेहून जास्त प्रथिनं. एवढी मंडळी एका जागी जमली की जे दिसतं, तीच केंद्रकी.

केंद्रकीला भिंत नसते. केंद्रकाला दुहेरी आवरण, तंतुकणिकेला दुहेरी आवरण, केंद्रकीला एकही नाही. मग ती विरघळून का जात नाही? 2011 मध्ये क्लिफर्ड ब्रँगविन, टिमोथी मिचिसन आणि अँथनी हायमन यांनी पुन्हा झेनोपसच्याच अंडपेशीत पाहिलं, की दोन केंद्रकी एकमेकींना टेकल्या की हळूहळू मिसळून एक गोल केंद्रकी होते. मिसळीच्या रश्श्यावर तेलाचे दोन थेंब जवळ आले की एक होतात, तसंच. केंद्रकी हा द्रवाचा थेंब आहे. तिच्यातले आरएनए आणि काही प्रथिनं एकमेकांना इतक्या ठिकाणी हलकेच धरून असतात, की ती भोवतालच्या द्रवातून वेगळी होऊन गोळा होतात. 2016 मध्ये याच दिशेने आणखी एक पायरी पडली. या थेंबात एकमेकांत न मिसळणारे थर असतात. अगदी आत आर-डीएनए, त्याच्याभोवती फायब्रिलारिन या प्रथिनाने गच्च थर, बाहेर न्यूक्लिओफॉस्मिनचा सैल थर. डीएनएच्या काठाशी उतारा जन्मतो, मधल्या थरात त्यावर बदल होतात, बाहेरच्या थरात त्याला प्रथिनं जडतात. बाहेर पडायची दिशा थरांच्या रचनेतच ठरलेली असते. आणि ही रचना करणारे रेणू तिथे मुक्काम ठोकून राहत नाहीत. फायब्रिलारिनचा एखादा रेणू साधारण मिनिटभराच्या आतच केंद्रकी सोडून जातो, त्याच्या जागी दुसरा येतो. केंद्रकी तासन्‌तास तशीच दिसत राहते.

पेशी विभागायला लागली की आर-डीएनएवरचं काम थांबतं आणि केंद्रकी विरून जाते. गुणसूत्रं वेगळी झाल्यावर दोन्ही नव्या पेशींत ती परत तयार होते, आणि कुठेही नाही, तर त्या दहा जागांपैकी ज्या चालू होत्या त्यांच्यापाशीच. यूबीएफ नावाचं एक प्रथिन विभाजनाच्या पूर्ण काळात त्या जागा धरून बसलेलं असतं, म्हणून कुठून सुरुवात करायची हे नव्या पेशीला शोधावं लागत नाही. आधी अनेक छोट्या केंद्रकी उगवतात. मग त्या एकमेकींत मिसळून दोन-तीन उरतात.

या जागांचा शोध डीएनए म्हणजे काय हे कळण्याआधीचा आहे. एमिल हाइट्झ यांनी 1931 मध्ये वनस्पतींच्या पेशींत केंद्रकीची जागा गुणसूत्राच्या एका ठरावीक भागाशी जोडली. 1934 मध्ये बार्बरा मॅकक्लिंटॉक यांनी मक्याच्या सहाव्या गुणसूत्रावर ती जागा नेमकी दाखवली. क्ष-किरणांनी ती जागाच दोन तुकड्यांत तुटलेला मका त्यांच्याकडे होता, आणि दोन्ही तुकडे आपापली केंद्रकी तयार करत होते. एका जागेत एकच जनुक असतं तर असं झालं नसतं. आज आपल्याला माहीत आहे की तिथे प्रतींची रांग असते, रांग कुठेही तोडली तरी दोन्हीकडे रांगच उरते. मॅकक्लिंटॉक यांच्या हाती सूक्ष्मदर्शक आणि मक्याची रोपं होती. तेवढ्यावर त्या इथवर पोचल्या. नोबेल त्यांना 1983 मध्ये मिळालं, तेही वेगळ्याच शोधासाठी. मला मात्र त्यांचं हे 1934 चं काम अधिक जवळचं वाटतं.

इतकं सगळं कळूनही मानवी जनुकसंचाच्या नकाशात ही जागा कोरीच होती. 2003 मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर झालं तेव्हा सुमारे आठ टक्के भाग वाचायचा राहिला होता आणि त्यात या पाचही आखूड भुजा होत्या. कारण पुन्हा तेच, प्रतींची संख्या. त्या वेळी डीएनएचे छोटे तुकडे वाचून ते एकमेकांशी जुळवत. दोनशे प्रती जवळजवळ तंतोतंत सारख्या असतील तर हातातला तुकडा कितव्या प्रतीतला, हे सांगणार कसं? लांबच लांब तुकडे एकसलग वाचणारं तंत्र आल्यावर, 2022 च्या वसंतात, टी-टू-टी या संशोधक-गटाने एका मानवी जनुकसंचाचं पूर्ण वाचन प्रसिद्ध केलं. त्यात आर-डीएनएच्या 219 प्रती आहेत, मिळून 99 लाख अक्षरं. हा आकडा गुणसूत्रांच्या एका संचाचा. काही मोठ्या रांगांचा मधला भाग तेव्हाही नमुन्याची प्रत पुन्हा पुन्हा मांडून भरावा लागला. पेशीच्या बहुतेक आरएनएचा उगम जिथे आहे, तोच भाग वाचायला सगळ्यात शेवटी मिळाला.

दर हजारात साधारण एका माणसात आखूड भुजांच्या या गुणसूत्रांपैकी दोन, बहुधा 13 आणि 14, एकमेकांना जोडली गेलेली असतात आणि जोडताना दोन्ही आखूड भुजा गळून गेलेल्या असतात. त्या माणसाकडे दहाऐवजी आठच जागा उरतात. बहुतेकांना याचा पत्ताही नसतो. मूल होताना अडचण आली आणि गुणसूत्रांची तपासणी केली, तरच ते कळतं. ती अडचण येते गुणसूत्रांच्या वाटणीमुळे, रायबोसोमच्या तुटवड्यामुळे नाही. निम्म्या प्रती बंद ठेवणाऱ्या पेशीकडे तेवढी गुंजाईश असते.

उलट बाजूला कर्करोग आहे. पेशी जितक्या वेगाने वाढणार, तितके तिला रायबोसोम जास्त लागणार आणि तितकी तिची केंद्रकी मोठी होणार. जुझेप्पे पियानेझे यांनी 1896 मध्येच कर्कपेशींतल्या फुगलेल्या केंद्रकींची नोंद केली होती. आजही बायोप्सीच्या अहवालात ‘प्रॉमिनंट न्यूक्लिओलाय’ हे शब्द दिसतात. चांदीच्या क्षाराने आर-डीएनएच्या जागांवरची प्रथिनं काळी रंगवून ते ठिपके मोजण्याची पद्धतही त्यातूनच आली.

आणि एक पेशी अशी, जी केंद्रकीच टाकून देते. आपल्या शरीरातल्या सुमारे 30 लाख कोटी पेशींपैकी 80 टक्क्यांहून जास्त तांबड्या रक्तपेशी असतात आणि त्यांना केंद्रक नसतं. अस्थिमज्जेत सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार होतात. रक्तात येण्याआधी त्यांतली प्रत्येक पेशी आपलं केंद्रक आतल्या केंद्रकीसकट बाहेर टाकते. नवे रायबोसोम आता होणार नाहीत, पण जुने लगेच संपत नाहीत. त्यांच्यावर ती पेशी आणखी थोडे दिवस हिमोग्लोबिन जोडत राहते. प्रयोगशाळेत अशा पेशीला न्यू मेथिलिन ब्लू या रंगात बुडवलं की आतला रायबोसोमी आरएनए निळ्या जाळीसारखा दिसतो. रक्ताच्या अहवालातला ‘रेटिक काउंट’ म्हणजे या जाळीवाल्या पेशींचं प्रमाण. निरोगी प्रौढात ते एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतं. लोह कमी पडून झालेल्या रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, की हिमोग्लोबिन सावकाश चढतं, महिनाभर वाट पाहावी लागते. रेटिक काउंट मात्र आठवड्याभरातच वर जातो, आणि गोळ्या लागू पडताहेत हे डॉक्टरांना आधी त्यावरून कळतं.